गाडी दिसत नाही, म्हणून गाडी नाही?

(व्याख्यानाचे शब्दांकन. वक्त्यांच्या बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



या व्याख्यानासाठी मला फोन आला तेव्हा संयोजक म्हणाले, "सर, ज्ञानमीमांसेवर काहीतरी सोपं बोला." मी म्हटलं, बोलतो, पण विषय मी निवडणार. आणि विषय सांगितला : सुटीत सहकुटुंब सहलीला जाताना रेल्वेच्या रुळांजवळ कसं वागायचं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग आवाज आला, "सर, आम्ही तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना बोलावलंय." (हशा)

मी विषय सोडलेला नाही, बरं का. आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे असं आपण कधी म्हणू शकतो, हा ज्ञानमीमांसेचा प्रश्न. वर्गात तो चुकला तर दोन मार्क जातात. रुळांवर चुकला तर जीव जातो. तिथे मरणारी सगळी माणसं बेफिकीर नसतात. पुष्कळ जण दोन्हीकडे बघतात, कानोसा घेतात आणि मगच पाऊल टाकतात. त्यांचा निष्कर्ष चुकलेला असतो. तो कुठे चुकतो, हे आज बघायचं आहे. आणि हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. मी ते दुसऱ्याच मार्गानं शिकलो. ती गोष्ट आधी सांगतो.

२००९ सालचा जुलै महिना. आम्ही घरची सहा माणसं पावसाळी सहलीला निघालो होतो. मी, सौ., मुलगी, जावई आणि दोन नातवंडं. नातू सहा वर्षांचा, नात तीनची. एका छोट्या स्टेशनावर उतरलो. नाव सांगत नाही, कारण चूक स्टेशनची नव्हती, माझी होती. बाहेर जायचा रस्ता रुळांच्या पलीकडे. पादचारी पूल फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, पावसानं निसरडा झालेला. सौ.चे गुडघे दुखत होते, हातात पिशव्या. आमच्याबरोबर उतरलेली माणसं सरळ फलाटाच्या उतारावरून खाली रुळांकडे निघाली. मी म्हणालो, "चला, सगळेच जातायत."

आमची गाडी सुटत होती. शेवटचा डबा गेला. रूळ मोकळा दिसला. नातू पुढे धावला. आणि त्याच क्षणी पलीकडच्या रुळावरून उलट दिशेनं एक्स्प्रेस आली. आमच्याच गाडीच्या आडून आली, म्हणून दिसली नव्हती. शिट्टी ऐकू आली होती, पण ती आम्हाला आमच्याच गाडीची वाटली.

रुळाशेजारी ट्रॅकमनांची एक टोळी काम करत होती. त्यांतल्या नारिंगी जाकीट घातलेल्या एका माणसानं नातवाच्या रेनकोटची टोपी मागून धरली. हिसका बसला, पोरगं खडीवर बसकण मारून पडलं. समोरून गाडी गेली. किती वेळ गेली कोण जाणे, मला ती संपेचना.

तो माणूस ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आजोबा, गाडी गेली म्हंजे रूळ मोकळा झाला असं नसतंय. एकीच्या शेपटामागं दुसरी असतीय."

पुलावरून पलीकडे गेल्यावर मुलीनं पोराला जवळ घेतलं आणि विचारलं, "का रे धावलास?" तो म्हणाला, "आबा म्हणाले ना, चला." त्या दिवशी मुलगी माझ्याशी बोलली नाही. मी तिला दोष देत नाही. त्या वेळी मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि तीस वर्षं मुलांना प्रमाणशास्त्र शिकवत होतो.

आता प्रमाणशास्त्राकडे वळू. आपल्या परंपरेत ज्ञानाची साधनं, म्हणजे प्रमाणं, कोणती यावर फार बारकाईनं चर्चा झाली. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही तुम्ही ऐकली असतील. पण एक गमतीचा प्रश्न उरतो. एखादी वस्तू 'नाही' हे आपल्याला कसं कळतं? या टेबलावर छत्री नाही. 'नाही' काही डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते टेबल. मग नसणं कळलं कशानं? कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणाले, यासाठी वेगळं प्रमाण मानावं लागेल. त्याचं नाव अनुपलब्धी. वस्तू आढळली नाही, यावरूनच ती नाही हे कळतं. नैयायिकांनी हे वेगळं प्रमाण मानलं नाही, तो वाद आज बाजूला ठेवू.

पण त्यात त्यांनी एक अट घातली, आणि आजचं सगळं व्याख्यान त्या एका अटीवर उभं आहे. नुसतं न दिसणं पुरत नाही. 'वस्तू असती तर ती नक्की दिसली असती', अशी परिस्थिती असली पाहिजे. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. दिव्याच्या उजेडात टेबलावर छत्री दिसली नाही, तर छत्री नाही. अंधारात दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. अंधारात कपाटात हात घालून "विंचू दिसला नाही" म्हणणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. (हशा)

आता रुळांशी उभे राहा. "गाडी दिसत नाही, ऐकू येत नाही, म्हणजे गाडी नाही." हे वाक्य खरं केव्हा? गाडी असती तर ती मला वेळेत दिसलीच असती, ऐकू आलीच असती, असं असेल तर. तसं असतं का? एकेक तपासू.

आधी डोळा. वळणावर गाडी दिसत नाही. डोंगर कापून केलेल्या खिंडीत दिसत नाही. बोगद्याच्या तोंडाशी दिसत नाही. धुक्यात, मुसळधार पावसात दिसत नाही. आणि दुसऱ्या गाडीच्या आड असली तर अजिबात दिसत नाही, हे मी शिकलोच. जिथे दुहेरी, चौपदरी मार्ग आहे तिथे एक गाडी जाणं ही दुसरी नसल्याची खूण नव्हे. उलट, पुढचा काही वेळ तुमची दृष्टी अडलेली आहे, याची ती खूण.

बरं, गाडी दिसली तरी तिचा वेग कळतो का? आपल्या देशात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. म्हणजे एवढं मोठं धूड एवढ्या वेगानं अंगावर येताना बघायची सवय आपल्या डोळ्यांना फार फार तर पावणेदोनशे वर्षांची. हर्शेल लाइबोविट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली एक विचार मांडला : मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा हळू चालल्यासारखी भासते, दोघींचा वेग सारखा असला तरी. विमानतळाजवळ उभं राहून बघा, मोठं विमान उतरताना तरंगल्यासारखं वाटतं. शिवाय गाडी समोरून येताना ती बाजूला सरकत नाही, नुसती मोठी होत जाते. आधी अगदी सावकाश मोठी होते आणि शेवटी एकदम. ते 'एकदम' जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. मुंबईत वडाळा स्थानकाजवळ २०१०च्या सुमारास एक प्रयोग झाला. काही स्लीपरांना पिवळा रंग दिला. गाडी ते पिवळे पट्टे एकामागून एक गिळत येते आणि त्यावरून बघणाऱ्याला वेगाचा अंदाज येतो. डोळ्याला मदत लागते, हे मान्य करूनच तो प्रयोग केलेला होता.

आता कान. वाऱ्याची दिशा उलटी असेल, धबधबा जवळ असेल, पाऊस पत्र्यावर वाजत असेल, तर आवाज उशिरा येतो किंवा येतच नाही. कानात हेडफोन असतील तर विचारायलाच नको. "पण शिट्टी देतात ना!" देतात. लेव्हल क्रॉसिंगच्या अलीकडे रुळाशेजारी एक पाटी असते, तिच्यावर 'सी/फा' लिहिलेलं असतं. सीटी आणि फाटक. पुढे फाटक आहे, शिट्टी द्या, असं ती लोको पायलटला सांगते. म्हणजे जिथे माणसं ओलांडतील हे ठाऊक आहे तिथे त्याला आधी सूचना मिळते. तुम्ही डब्यातली पुरीभाजी सोडून जिथे चादर पसरली आहे तिथे माणसं असतील, हे त्याला कोण सांगणार? आणि दिलीच शिट्टी, तरी ती कुठल्या रुळावरच्या गाडीची, हे कानाला कळत नाही.

तिसरी गोष्ट वेळापत्रक. "या वेळेला गाडी नसते, आम्ही नेहमी येतो." वेळापत्रकात प्रवासी गाड्या असतात. मालगाडी त्यात नसते, सुटीच्या जादा गाड्या नसतात, एकटं धावणारं इंजिन नसतं, उशिरा धावणारी गाडी दुसऱ्याच वेळेला येते. कुठल्या रुळावर कुठल्या दिशेनं गाडी येईल याचीही रोजची रीत कामकाजासाठी कधी कधी बदलते. तेव्हा कुठल्याही रुळावर, कुठल्याही वेळी, कुठल्याही बाजूनं गाडी येऊ शकते, असं धरून चालायचं.

सारांश, रुळांवर योग्यानुपलब्धीची अट बहुतेक वेळा पुरी होतच नाही. आपण अंधारातल्या कपाटात हात घालत असतो, उजेड मात्र भरपूर असतो. म्हणून फसगत होते.

यावर कोणी म्हणेल, आम्हाला दिसली नाही तरी चालकाला आम्ही दिसतो ना? तो थांबवेल. इथे थोडं पदार्थविज्ञान लागेल. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घरंगळतं. घर्षण फार कमी. म्हणून तर एवढा बोजा कमी शक्तीत ओढता येतो. पण पळायला जे सोयीचं, तेच थांबायला गैरसोयीचं. बावीस-चोवीस डब्यांची एक्स्प्रेस हजार टनांच्या घरात जाते. ताशी १०० किलोमीटर वेगात आपत्कालीन ब्रेक लावला तरी ती थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर घेऊ शकते. रस्त्यावरचा ड्रायव्हर निदान गाडी बाजूला घेतो. याला बाजू नाही. तो शिट्टी देतो, ब्रेक लावतो आणि पुढे काय होतं ते बघत राहतो. ज्याला हे बघावं लागतं त्या माणसाचाही विचार आपण कधी तरी करावा.

आता साधा हिशेब. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. दोन रूळमार्ग ओलांडायला लहान मूल आणि पिशवी घेऊन, खडीतून ठेचकाळत, दहा सेकंद तरी लागतात. तेवढ्यात गाडी २८० मीटर पुढे आली. वळण असेल तर २८० मीटरांवरचं दिसतच नाही. आणि चप्पल अडकली, मूल पडलं, पिशवीचा बंद तुटला, तर दहाचे वीस होतात.

दुसरा हिशेब रुंदीचा. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. मुंबईच्या लोकलचा डबा बारा फूट रुंद. म्हणजे प्रत्येक बाजूला डबा रुळाच्या बाहेर साधारण सव्वातीन फूट येतो. "मी रुळात नव्हतो, कडेला उभा होतो" याला अर्थ नाही. शिवाय जोरात जाणाऱ्या गाडीच्या वाऱ्यानं माणसाचा तोल जातो. फलाटावर पिवळी रेघ असते ती यासाठी.

तिसरी गोष्ट डोक्यावरची. विजेवरच्या मार्गावर वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. ती तार बंद आहे असं कधीच धरायचं नाही. तिला हात लागायलाच हवा असंही नाही, पुरेसं जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. उभ्या मालगाडीच्या टपावर फोटोसाठी चढणारी पोरं असे जीव गमावतात. पुलावरून सेल्फीची काठी, ओली छत्री, फुग्याचा दोरा खाली सोडणं हाही खेळ नव्हे.

आता सहलीच्या जागांकडे येतो, कारण इथे आपल्या सवयींचा प्रश्न आहे. तुमच्यापैकी बहुतेक जण माथेरानला गेला असाल. नेरळहून वर जाणारी ती छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. रूळ दोन फूट रुंदीचे. दस्तुरी नाक्याला मोटारी थांबतात आणि तिथून बाजारापर्यंत पुष्कळ लोक रुळांच्या कडेनं किंवा थेट रुळांतून चालत जातात. लाल माती, झाडी, माकडं, मुलं स्लीपरांवरून उड्या मारत पुढे. मीही माझ्या मुलीला तसंच नेलं होतं. ती गाडी सावकाश येते, लोक बाजूला होतात. तीही गाडीच आहे, तिच्यापासूनही लांब राहावं. पण मला काळजी वेगळी वाटते. मूल तिथे काय शिकलं? रूळ ही चालायची वाट आहे, आणि गाडी आली की बाजूला व्हायला वेळ मिळतो. ही शिकवण घेऊन ते मोठं होतं आणि मित्रांबरोबर खंडाळ्याच्या घाटात जातं, नाहीतर दूधसागरला.

दूधसागरचा धबधबा गोवा-कर्नाटकाच्या सीमेवर, अगदी रेल्वेमार्गाला लागून. कॅसलरॉकपासून कुळेपर्यंतचा तो घाट, बोगदे, वळणं, ३७ फुटांना एक फूट असा चढ. रुळांतून चालत धबधब्यापर्यंत जायची एक टूमच निघाली होती. जुलै २०२३मध्ये तिथे एवढी गर्दी झाली की पोलिसांनी रुळांवरच्या तरुणांना उठाबशा काढायला लावल्या आणि रेल्वेनं लोकांना रुळांवरून जाऊ नका असं जाहीर आवाहन केलं. बोगद्यात गाडी आली तर बाजूला कुठे होणार? धबधब्याचा आवाज एवढा की शिट्टी ऐकू येणार नाही. योग्यानुपलब्धीची अट मोडायला याहून पक्की जागा शोधून सापडायची नाही. आणि हा गुन्हाही आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ : रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"पण रोज शेकडो लोक जातात, काही होत नाही." हा युक्तिवाद फार जुना आहे. ग्रीसमधल्या डायागोरस नावाच्या नास्तिकाला कोणी देवळातली चित्रं दाखवली. वादळात नवस बोलून वाचलेल्यांनी ती वाहिली होती. तो म्हणाला, नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? (हशा) रुळांचंही तसंच. ओलांडून गेलेले साक्ष देतात. ज्यांचं चुकलं ते साक्षीला येत नाहीत.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. प्रमाणांमध्ये शब्द हे एक प्रमाण आहे, म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? जे जसं आहे तसं जाणणारा आणि तसंच सांगणारा. आपल्या मराठीत हाच शब्द नात्याच्या माणसांसाठी वापरतात. आप्तेष्ट. लहान मुलाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकच असतात. सहा वर्षांच्या पोराला गाडीचा वेग, दुसरा रूळ, वळण यातलं काही कळत नाही, कळण्याची अपेक्षाही नाही. त्याचं ज्ञान एकच : आबा म्हणाले, चला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्यानं प्रमाण बरोबर वापरलं. आप्त खोटा निघाला.

म्हणून सहलीला निघताना काय करायचं, ते आता यादीसारखं सांगतो. बायाबापड्यांनी, आजीआजोबांनी लक्षात ठेवावं.

पहिलं, वेळ. रूळ ओलांडायचा मोह घाईतून होतो. पुलावरून जायला दहा मिनिटं जास्त धरूनच घरातून निघा.

दुसरं, हात. मुलाला आपलं बोट धरू देऊ नका, तुम्ही त्याचं मनगट धरा. बोट त्याच्या मर्जीनं सुटतं, मनगट तुमच्या.

तिसरं, चढणं-उतरणं. आधी एक मोठं माणूस, मग मुलं, शेवटी दुसरं मोठं माणूस. सामान नंतर. गाडी सुटली आणि कोणी खाली राहिलं, तर धावायचं नाही. खाली राहिलेल्यानं तिथेच थांबायचं, वर असलेल्यांनी पुढच्या स्टेशनावर उतरायचं. हे घरी ठरवून ठेवा. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर जागेवरच थांब आणि गणवेशातल्या माणसाला सांग, हे त्याला शिकवा. रेल्वेची मदत १३९ या नंबरावर मिळते, हरवलेल्या मुलांसाठी १०९८.

चौथं, दार. कर्जतला घाट चढायला मागे जादा इंजिनं जोडतात तेव्हा गाडी थांबते, माणसं वड्यासाठी खाली उतरतात. इंजिन लागताना धक्का बसतो, मुलं त्या वेळी दारात नकोत. पुढे पावसाळ्यात धबधबे दिसायला लागले की सगळे दाराकडे धावतात. बोगद्याची भिंत आणि सिग्नलचा खांब किती जवळून जातो ते चालत्या गाडीत कळत नाही. धबधबा खिडकीतूनही दिसतो, हात आणि डोकं आत ठेवून.

पाचवं, पडलेली वस्तू. फोन, चप्पल, चेंडू, बाहुली, रुळावर पडली की ती आपली नाही. स्टेशन मास्तरांना सांगा. मूल रडेल. रडू द्या.

सहावं, फाटक. ब्रॉडगेजवरची माणूस नसलेली लेव्हल क्रॉसिंग ३१ जानेवारी २०१९पर्यंत बंद झाली. म्हणजे आता फाटक असतं, गेटमन असतो. दांड्याखालून स्कूटर वाकवून काढणारा बाप मागे बसलेल्या पोराला काय शिकवतो, ते मी वर सांगितलं आहे. रुळांवर मोटार बंद पडली, तर आधी सगळी माणसं उतरवून लांब न्या, मग गेटमनकडे धावा. मोटार वाचवायला बसू नका.

आणि सातवं, मी त्या ट्रॅकमनांकडून शिकलेलं. नंतर मी त्या माणसाशी बोललो होतो. त्याच्या टोळीत तो काम करत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. बाकीचे पहार चालवत होते आणि हा शिट्टी घेऊन नुसता उभा होता. मी विचारलं तर म्हणाला, "माझं काम बघायचं." रुळांची ज्यांना सर्वांत जास्त माहिती, ते लोकसुद्धा स्वतःच्या डोळ्या-कानांवर विसंबत नाहीत. एक माणूस दुसरं काहीही न करता फक्त गाडीकडे लक्ष ठेवतो. आणि आपण? सहा जणांत कोणी फोटो काढतंय, कोणी पिशवी सांभाळतंय, प्रत्येकाला वाटतंय दुसऱ्याचं लक्ष आहे. म्हणून आमच्या घरात तेव्हापासून नियम आहे. फलाटावर पाऊल टाकलं की एका मोठ्या माणसानं जाहीर म्हणायचं, "आता मी बघतोय." त्यानं फोन काढायचा नाही, सामान उचलायचं नाही, मुलांवर नजर ठेवायची. दमला तर दुसऱ्याच्या हाती काम द्यायचं, पण तोंडानं सांगून.

मला एवढंच सांगायचं होतं. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक ज्येष्ठ श्रोत्या) : पूल चढवत नाहीत त्यांनी काय करायचं? लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाही, असली तर बंद.

उत्तर : ताई, तुमची तक्रार खरी आहे. सोय मागणं हा आपला हक्क आहे, लेखी मागावी, पुन्हा पुन्हा मागावी. पण सोय होईपर्यंत आपले उपाय आपल्या हातात आहेत. पूल ज्या टोकाला आहे त्या बाजूच्या डब्यात बसा. मोठ्या स्टेशनावर चाकाची खुर्ची मागा. जिने दोन-दोन पायऱ्यांनी, थांबत चढा. आणि लिफ्ट असलेलं स्टेशन निवडून सहलच त्या बाजूला न्या. माझ्या सौ.नं त्या दिवशी शेवटी पूलच चढला. वीस मिनिटं लागली. कोणाचंही काही अडलं नाही.

प्रश्न (एक तरुण) : दूधसागर बघायचाच नाही का मग?

उत्तर : अवश्य बघा. पावसाळा संपला की कुळ्याहून जीपनं जंगलातून धबधब्याच्या पायथ्याशी जाता येतं. आणि त्या मार्गावरच्या गाडीत बसलात तर तो खिडकीतून दिसतो. रूळ सोडून बघितला म्हणून धबधबा लहान होत नाही. (हशा)

प्रश्न (एक लहान मुलगी) : मला जवळून गाडी बघायला आवडते. कुठून बघू?

उत्तर : वा, फार चांगला प्रश्न. पादचारी पुलावर जाळीच्या आत उभी राहा. तिथून गाडीचं टप दिसतं, ते फलाटावरून कधी दिसत नाही. किंवा फलाटावर पिवळ्या रेघेच्या बरीच मागे, बाकावर बस. लोको पायलटला हात कर, पुष्कळदा तेही हात करतात. आणि आईबाबांनी किंवा आजोबांनी रुळातून चल म्हटलं, तर तू नाही म्हणायचं. तुला सांगू, माझा नातू आता बावीस वर्षांचा झाला. अजूनही स्टेशनावर मी पुलाकडे वळलो की तो मागून माझं मनगट धरतो आणि म्हणतो, "आबा, आता मी बघतोय."

(व्याख्यान समाप्त)